शास्त्र किती ठाऊक? शेतकऱ्यांसाठी काही प्रश्न



शास्त्रज्ञानाच्या परीक्षा आपल्या धर्मग्रामात नव्या नाहीत. मिस्सा आटोपली की मुलांना ओळीने बसवायचे आणि विचारायचे: यहूदाने प्रभूला किती नाण्यांना विकले? मोशेला दहा आज्ञा कोणत्या डोंगरावर मिळाल्या? दावीदाने गल्याथाला कशाने पाडले? मुले घडाघडा सांगतात, आईबाप कौतुकाने पाहतात आणि खाऊ वाटला जातो.

या खेपेस आम्ही प्रश्न मुलांना न विचारता शेतकरी मंडळींना विचारले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार हा देवाच्या वचनाचा रविवार म्हणून नेमून दिला. तो जानेवारीच्या अखेरीस येतो. त्या दिवसांत सिहोर, रायसेन, विदिशाकडे गहू ओंबीवर आणि हरभरा घाट्यावर असतो, शेतकऱ्याला घटकाभर बसायला सवड असते. भोपाळच्या आसपास राहणारे आपले मराठी वाचक, त्यांत बैतूल-मुलताईकडचे, पांढुर्ण्याकडचे, थोडे वसई-विदर्भातून नोकरीसाठी येऊन इथेच शेती घेतलेले, असे मिळून बसलो. प्रश्न मुद्दाम सोपे काढले होते. सोप्याच प्रश्नांत सगळे अडखळले, आणि हे आधीच सांगतो, त्यांतील दोन प्रश्नांत आम्ही स्वतःही अडखळलो.

पहिला प्रश्न. एदेन बागेत आदाम-हव्वेने कोणते फळ खाल्ले? सगळ्यांनी एका सुरात 'सफरचंद' म्हटले. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात फळाचे नाव नाही. त्यात झाडाचे नाव एकच येते आणि ते अंजिराचे, कारण त्याची पाने शिवून त्यांनी अंग झाकले.

दुसरा. ज्ञानी लोक किती होते आणि ते बाळ येशूला कुठे भेटले? 'तीन, गोठ्यात.' मत्तय भेटी तीन सांगतो, माणसे किती ते सांगत नाही. आणि ते 'घरात' गेले असे लिहितो. बरे, गोठ्यात बैल आणि गाढव होते का? लूकने गव्हाणीचा उल्लेख केला आहे, जनावरांचा नाही. बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या मालकाच्या गव्हाणीला ओळखते, असे यशयाच्या ग्रंथात आरंभीच आले आहे. तेथून ही जोडी जुन्या चित्रांत आली, आणि १२२३ साली संत फ्रान्सिस असिसीकर यांनी ग्रेचो गावी गवत पसरून खरा बैल आणि खरे गाढव बांधून नाताळ साजरा केला तेव्हापासून ती लोकांच्या मनात पक्की झाली. भोपाळचे महामंदिर याच संताच्या नावाचे आहे, म्हणून या उत्तराबद्दल आम्ही कोणाचे गुण कापले नाहीत.

तिसरा. दिमिष्काच्या वाटेवर पौल कशावरून पडला? 'घोड्यावरून.' घोडा चित्रकारांचा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत तो जमिनीवर पडला एवढेच लिहिले आहे. चौथा. नोहाने प्रत्येक प्राण्याची किती जोडी घेतली? 'एक.' अशुद्ध प्राण्यांची एक, पण शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या होत्या. तारवातून प्रथम कोणता पक्षी सोडला? कबुतर नव्हे, कावळा.

असे का व्हावे, याचा आम्ही विचार केला. आपल्याला या कथा डोळ्यांनी वाचून नव्हे, तर कानांनी ऐकून आणि चित्रे पाहून ठाऊक झाल्या आहेत. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी मराठी ओव्यांत रचलेले क्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले. ते देवळांतून वाचले जाई आणि लोक ऐकत. अक्षर न ओळखणाऱ्या कुणब्यालाही नोहा आणि योसेफ ठाऊक झाले ते असे. पण ऐकलेल्या गोष्टीत सांगणाऱ्याची भर पडते आणि बारीकसारीक तपशील गळतात. सर्व श्रद्धावंतांनी शास्त्र स्वतः उघडून वाचावे असा आग्रह दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धरला. आपल्या घरी ग्रंथ आहे. तो उघडण्याचा मात्र कंटाळा आहे.

मग आम्ही शेतीचे प्रश्न काढले आणि बैठकीचा रंग बदलला.

मिसर देशावर गारा पडल्या तेव्हा कोणती पिके गेली आणि कोणती वाचली? शिकलेली तरुण मंडळी म्हणाली, 'सगळीच गेली.' मागे बसलेले एक वयस्कर काका, ज्यांनी तोवर तोंड उघडले नव्हते, ते म्हणाले, 'गारा कधी पडल्या ते सांगा, म्हणजे सांगतो. पोटरीतला गहू गारेने एवढा जात नाही, ओंबीवरचा जातो.' निर्गमाच्या नवव्या अध्यायात अगदी हेच आहे. सातू ओंबीवर आला होता आणि जवस फुलावर, म्हणून दोन्ही झोडपले गेले. गहू आणि खपली उशिरा येणारी, म्हणून वाचली. काकांनी तो अध्याय वाचलेला नव्हता. फेब्रुवारीतील गारपीट मात्र त्यांनी स्वतःच्या शेतावर तीनदा पाहिली होती. (वाचलेला तो गहूही पुढच्या अध्यायात टोळांनी खाल्ला. २०२० च्या उन्हाळ्यात टोळधाड मध्य प्रदेशात शिरली तेव्हा थाळ्या वाजवीत रात्र काढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.)

पेरणाऱ्याच्या दाखल्यात चांगल्या जमिनीने किती पीक दिले? 'शंभरपट, साठपट, तीसपट.' बरोबर, पण हा मत्तयाचा क्रम. मार्कने तो तीसपासून चढता दिला आहे आणि लूकने फक्त शंभरपट म्हटले आहे. येथे आम्ही एक हिशेब मांडला. आपण गव्हाचे बियाणे एकरी ४० किलो टाकतो. तीसपट म्हणजे १२ क्विंटल, साठपट म्हणजे २४, शंभरपट म्हणजे ४० क्विंटल. सुधारित बियाणे, खत आणि चार पाणी देऊन आपण आज बहुधा तीसपट ते पन्नासपटीत असतो. प्रभूचे श्रोते हाताने बी फेकून पावसावर पिकवणारे होते. शंभरपट हा आकडा ऐकून त्यांचे डोळे किती विस्फारले असतील, ते हिशेब केल्यावाचून कळत नाही.

लूकच्या तेराव्या अध्यायातील वांझ अंजिराचे शेवटी काय झाले? निम्म्यांनी 'तोडले' म्हटले, निम्म्यांनी 'फळ आले'. शुभवर्तमानात उत्तर नाही. माळी एक वर्षाची मुदत मागतो, भोवती खणून खत घालतो असे म्हणतो, आणि दाखला तेथेच थांबतो.

योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत किती धान्य साठवले? कोणी सगळे म्हणाले, कोणी निम्मे, कोणी दशमांश. उत्तर पाचवा हिस्सा असे आहे. शिवाय ज्या नगराभोवती जे पिकले ते त्याच नगरात ठेवले. म्हणजे पाच पोत्यांतील एक बाजूला, आणि तेही गावातच. साठवणीबद्दल आमचे एवढेच सांगणे आहे की दाणा दाताखाली 'कट्' वाजून फुटेपर्यंत वाळवावा. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली हवा. हे सांगण्याचे कारण दूरचे नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवेळी पावसात भिजलेला मका गरीब आदिवासी कुटुंबांनी तसाच साठवून खाल्ला. त्याला बुरशी लागली होती. कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या बुरशीचे विष भाकरी भाजल्याने जात नाही. काळा-हिरवा पडलेला, कुबट वासाचा दाणा जनावरालाही घालू नये.

आता ज्या प्रश्नावर आमची बैठक सर्वांत जास्त रेंगाळली त्याकडे वळतो. निदणाचा दाखला एकट्या मत्तयाने दिला आहे, तेराव्या अध्यायात. आम्ही विचारले: कापणीच्या वेळी आधी काय गोळा करायला सांगितले, गहू की निदण? जवळपास सर्वांनी 'गहू' म्हटले. धनी सांगतो ते उलट आहे. आधी निदण गोळा करून जाळण्यासाठी पेंढ्या बांधा, मग गहू कोठारात आणा.

यावर एक बहीण म्हणाल्या, 'पण फादर, निंदणी एवढी लांबवणे हीच मुळी चूक. निदण कापणीपर्यंत ठेवतो का कोणी?' प्रश्न रास्त होता. याचे उत्तर त्या तणात आहे. दाखल्यातील निदण म्हणजे गव्हासारखेच दिसणारे एक गवत, असे जाणकार मानतात. ओंबी निसवेपर्यंत ते गव्हापासून ओळखू येत नाही, आणि ओळखू येते तेव्हा मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. त्याचा दाणा जवळपास गव्हाएवढा असतो, म्हणून उफणून नीट वेगळा होत नाही. त्या दाण्यात एक बुरशी वस्ती करते. ते पीठ पोटात गेले तर घेरी येते, ओकारी होते, हातपाय कापतात, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. म्हणून आधी निदण. गहू आधी आणला असता तर विषही घरात आले असते.

आपल्या शेतांत हे गवत सहसा नसते, पण त्याचे भाऊबंद आहेत. इकडे ज्याला गुल्लीडंडा किंवा गमतीने 'गेहूँ का मामा' म्हणतात, ते तण लहानपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते. रोप बुडाशी मोडून पाहावे. तांबूस रस आला तर तो मामा, भाचा नव्हे. हे विषारी नाही, पण पीक खाऊन टाकते. त्याची निंदणी ओंबीपूर्वी, पेरणीनंतर महिन्या-दीड महिन्यात करावी.

विषाची खरी कथा आपल्या शेजारच्या सागर जिल्ह्यात घडली आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अंमलदार स्लीमन याने ती लिहून ठेवली. १८२९ साली त्या मुलखात गारपिटीने गहू गेला. १८३० साली पाऊस वेळेवर झाला नाही. १८३१ साली पिकावर रोग पडला. या तीन वर्षांत गव्हाच्या शेतांत आपोआप उगवलेला तिवडा तेवढा तग धरून राहिला आणि लोकांनी पोटासाठी तोच खाल्ला. विदर्भात आपण याला लाख किंवा लाखोळी म्हणतो. १८३३ पासून परिणाम दिसू लागले. तरणीताठी माणसे रात्री धडधाकट झोपत आणि सकाळी पाय ताठलेले घेऊन उठत. मग जन्मभर काठी. पुढे रीवा-सतना भागातही हा लंगडेपणा पिढ्यान्‌पिढ्या दिसला, विशेषतः ज्या शेतमजुरांना मजुरी म्हणून तिवडाच मिळे त्यांच्यात. जेवणात कधीमधी थोडी लाख आली म्हणून घाबरू नये. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली की ती पाय धरते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे विष बरेच कमी होते, पण पुरते जात नाही. कमी विषाचे नवे वाण आता निघाले आहेत, बियाणे घ्यायचेच तर ते घ्यावे.

दुसरा भाऊबंद पिवळा धोत्रा. इकडे याला सत्यानाशी म्हणतात आणि नाव अगदी योग्य आहे. याचे काळे दाणे मोहरीत सहज मिसळतात. तेल घाण्यातून निघाले की ओळखता येत नाही. असे तेल खाण्यात आले तर पाय सुजतात, धाप लागते, हृदय दुबळे होते, कोणाची दृष्टीही जाते. १९९८ साली दिल्लीत अशा तेलाने मोठी साथ आली आणि माणसे मेली. मोहरीच्या शेतातील आणि बांधावरील काटेरी, पिवळ्या फुलांची ही झाडे मोहरी कापण्यापूर्वीच उपटून जाळावीत. घरात एकाच वेळी दोघा-तिघांचे पाय सुजले तर ते तेल तत्काळ बंद करावे आणि रोग्यांना सरकारी दवाखान्यात न्यावे. तेलाची बाटलीही बरोबर न्यावी.

आणखी एक प्रश्न याच दाखल्यावर होता. शत्रूने निदण कधी पेरले? 'रात्री,' असे पुष्कळांनी म्हटले. मत्तयाचे शब्द 'लोक झोपेत असताना' या अर्थाचे आहेत. हे वाचून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. भोपाळात राहणाऱ्याला हे शब्द ऐकून २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र आठवणारच. युनियन कार्बाइडच्या ज्या कारखान्यातून तो वायू सुटला, तेथे शेतातील कीड मारण्याचे औषध बनत असे. आमच्यातील दोन कुटुंबांची मंडळी त्या रात्री पळाली होती. एका आजीबाईंचे डोळे अजून पाझरतात. दाखल्यावरची चर्चा आम्ही तेथेच थोडा वेळ थांबवली. नंतर कोणीतरी आपल्या घरातील फवारणीच्या बाटल्या कुठे ठेवल्या आहेत याचा विषय काढला आणि कळले की तीन घरांत त्या धान्याच्या कोठीशेजारी होत्या. एका घरी औषध चोळलेले उरलेले बियाणे दळायला काढण्याच्या बेतात होते. असे बियाणे धुऊनही खाऊ नये, कोंबड्यांनाही घालू नये.

आजारांचे प्रश्न वेळेअभावी थोडेच झाले. कुष्ठरोगी नामान सेनापतीला बरे होण्याचा मार्ग प्रथम कोणी सुचवला? सर्वांनी अलीशा संदेष्ट्याचे नाव घेतले. खरे उत्तर आहे त्याच्या बायकोची दासी, इस्राएलातून धरून आणलेली एक लहान मुलगी. तिचे नावही ग्रंथात नाही. अलीशा तर घराबाहेरसुद्धा आला नाही, त्याने निरोप पाठवला: यार्देन नदीत सात वेळा स्नान कर.

लेवीयाच्या तेराव्या अध्यायात चट्टा दिसलेल्या माणसाला याजकाने किती दिवस पाहायचे? सात, आणि शंका राहिली तर आणखी सात. त्यात कपड्याला आणि पुढे घराच्या भिंतीला पडलेल्या डागांनाही तोच शब्द वापरला आहे, यावरून तेथे आजच्या एकाच रोगाविषयी बोलणे नाही हे उघड आहे. आजचा कुष्ठरोग जंतूमुळे होतो हे नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली शोधले. १९८२ पासून अनेक औषधे मिळून देण्याची पद्धत आली. सरकारी केंद्रात ती फुकट मिळतात, चट्टे थोडे असले तर सहा महिने, जास्त असले तर बारा. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि त्याला टोचलेले, गरम-गार कळत नसेल तर सात दिवसही वाट पाहू नये. औषध सुरू झाले की रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती लवकरच जाते. त्याला वेगळे ताट देणाऱ्या घराने लेवीय वाचला असेल, पण नामानाची ती मुलगी वाचलेली नाही.

जागा संपत आली. पुढच्या बैठकीपर्यंत घरी बसून काही प्रश्न सोडवावेत. उत्तरे ग्रंथातूनच काढावीत, मुलांना विचारून नव्हे. रूथने पहिल्या दिवशी सरवा वेचून झोडल्यावर किती सातू निघाला? (रूथ, दुसरा अध्याय. माप 'एफा' आहे, सुमारे २२ लिटर. आपल्या पायलीत किती होईल ते घरातील थोरांनी काढून सांगावे.) जक्कय कोणत्या झाडावर चढला? आपल्या मराठी शास्त्रात त्याचे नाव आपल्या बांधावरचेच आहे. शमशोनाने पलिष्ट्यांचे उभे गहू जाळण्यासाठी किती कोल्हे धरले, आणि त्याचे केस प्रत्यक्ष कोणी कापले? दलीलेचे नाव लिहिण्यापूर्वी शास्त्यांचा सोळावा अध्याय नीट पाहावा.

अलीशाच्या शिष्यांनी दुष्काळात रानातून काय तोडून आणून भांड्यात टाकले, की जेवणारे ओरडू लागले? दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायात उत्तर आहे. तेथे संदेष्ट्याने पीठ टाकले आणि जेवण खाण्याजोगे झाले. आपण मात्र कडू लागणारा दुधी किंवा काकडी पिठाने सुधारायला जाऊ नये. पहिल्या घासाला कडू लागले की टाकून द्यावे. अशा दुधीचा रस पिऊन माणसे मेल्याची उदाहरणे आहेत.

आणि शेवटचा प्रश्न, घरात कोणी तापातून उठले असेल त्यांच्यासाठी. याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभूने उठवले तेव्हा घरच्यांना पहिली गोष्ट कोणती करायला सांगितली? मार्क, पाचवा अध्याय, अगदी शेवटचे वाक्य.